टेम्पो थांबू दे

खमरिया, जबलपूर
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

चि. अंकुर,

आजीचे आशीर्वाद. आजी म्हणजे कोण, ते आधी सांगते, कारण तू विसरला असशील. तुझ्या बाबाची आई. बुटकी, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेली, आणि जिचा स्टीलचा डबा बेसनाचे लाडू भरून तू पुण्याला घेऊन गेलास तो आजतागायत परत केला नाहीस, ती. डब्यावर तुझ्या आजोबांचं, बापूंचं, नाव कोरलेलं आहे. मला ते वाचता येत नाही, पण बोट फिरवलं की ओळखते. तुला वाचता येतं, तरी डबा कुणाचा ते आठवत नाही. शाळेत घातल्याचा एवढाच फायदा झाला म्हणायचा.

इकडे सर्व कुशल आहे. पत्रात असं पहिल्यांदा लिहायचं असतं, म्हणून लिहवलं. तू पुढे वाच.

थंडी सुरू झाली. क्वार्टरच्या मागचा पेरू यंदा लगडला आहे. निम्मे माकडं खातात, निम्मे पाडतात, आणि उरलेले मी वेचून ठेवते. तुला आवडायचे तसे, आतून गुलाबी.

अक्षर तुझ्या आईचं आहे, बोलणं माझं. विनता मधून मधून मला शुद्ध करून राहिली आहे. मी 'काहून' म्हटलं की ती 'का' लिहिते. मी विचारलं, काहून गं? तर हसली. हे तरी तसंच ठेव म्हटलं आहे.

घरात फोन असताना पत्र काहून, असं तू विचारशील. एक तर क्वार्टर दोन खोल्यांचं, ह्या खोलीत कुजबुजलं तरी त्या खोलीत ऐकू जातं. दुसरं असं की विनताने शपथ घेतली आहे. एक गोष्ट तुला सांगणार नाही, अशी. सासू बोलेल ते लिहून देणार नाही, अशी घेतलेली नाही. मी तिला म्हटलं, नवऱ्याचा शब्द मोडत नाहीस, चांगलं आहे. आता सासूचाही मोडू नको. मला शपथ घालायचं तुझ्या बाबाला सुचलंच नाही. हिला लिहिता येत नाही, ही काय करणार, असं वाटलं असेल त्याला.

तर बातमी अशी, की मी आजकाल गोल्फ खेळते.

हसून झालं असेल तर सांगते. तू सोडून गेलेलं ते काळं मशीन टीव्हीखाली होतं ना, ते. त्यात एकच खेळ अडकून राहिला होता, साहेब लोकांचा. आपण सदर बाजाराकडे जाताना ते फौजी साहेबांचं हिरवं मैदान दिसायचं, तसंच टीव्हीत दिसतं, फक्त गवत जास्त हिरवं. हातात ते दोन कानांचं यंत्र धरायचं. त्यात उजव्या अंगठ्याखाली एक इवलीशी दांडी असते. ती मागे ओढायची, मग पुढे ढकलायची, की टीव्हीतला टोपीवाला काठी फिरवतो. बस. एवढ्यासाठी तुम्ही लोक रात्ररात्र जागता.

पण एवढंसंच नाही, ते मला मागाहून कळलं. वेगळ्या वेगळ्या जागेवरून वेगळं वेगळं मारायचं असतं. नावं तुझ्या बाबाने सांगितली, मी माझी ठेवली. झेंड्याजवळ आलं की बॉलला नुसतं टुचकवायचं, ती टुचकी. मध्ये वाळू असली की खालून काढायचं, ते उपसणं. आणि एकदा बॉल त्या गुळगुळीत गवतावर पोचला की ती लोळवण. लांबचा फटका मला अजून जमत नाही. माझा बॉल झाडांत जातो, पाण्यात जातो, एकदा तर उलटा मागे गेला, तुझा बाबा म्हणाला, "आई, असं तर मशीनलापण माहीत नव्हतं." पण जवळचं माझं बरं आहे. टुचकी तर चांगलीच आहे.

ती कशी जमली ते ऐक.

पहिल्या दिवशी मी ओढलं की टीव्हीवर लाल काहीतरी उमटायचं. तुझा बाबा बाजूला बसून वाचायचा. वाचणारा तो, ओढणारी मी.

"आई, टेम्पो चुकला."

मी म्हटलं, "कुठे जायचं होतं?"

"कुठे नाही. तुझा टेम्पो फास्ट आहे."

"माझा कुठला टेम्पो? टेम्पो बंद होऊन जमाना झाला. आता सगळे ई-रिक्शात बसून राहिले."

तो हसला. त्याचं हसणं आजकाल एकाच बाजूने येतं, पण आलं. मला मात्र वाटलं, ह्या खेळात खरोखरच टेम्पोची वाट पाहायची असते. आपला तो रांझीवाला, काळा, तीन चाकांचा, डुकरासारख्या तोंडाचा. मग मी काय केलं, दांडी मागे ओढली, म्हणजे टेम्पो आला. मनात म्हटलं, थांबू दे. थांबला. मग चढले. म्हणजे ढकलली.

बॉल उचलला गेला, मऊ पडला, आणि झेंड्याच्या पायाशी जाऊन मांजरासारखा बसला.

तुझा बाबा टीव्हीकडे वाकला. मग म्हणाला, "आई, हे कसं केलं?"

"टेम्पो थांबू दिला."

त्याने मला समजावलं की टेम्पो म्हणजे ती गाडी नव्हे, टेम्पो म्हणजे हाताची लय, मागे किती सावकाश न्यायचं आणि पुढे कसं यायचं ते. मी म्हटलं, तुझी लय तुझ्याजवळ ठेव, मला माझा टेम्पो मिळाला आहे, त्यातून मला उतरवू नको.

तुला आठवतो का तो टेम्पो? नसेल आठवत, पण हनुवटीला हात लाव. रांझीच्या बाजारात तो थांबायच्या आधी तू चढायला गेलास, आणि तोंडावर पडलास, त्याचे टाके आहेत तिथे. रक्त पाहून मी रडत होते आणि तू विचारून राहिला होतास, "आजी, टेम्पो निघून गेला का?" तेव्हापासून दर वेळी तुझा दंड धरून सांगायची, टेम्पो थांबू दे, मग चढ. तू कधी ऐकलं नाहीस.

विनता म्हणते, आई, मुद्द्यावर या, ते उठतील आता. दुपारी तुझा बाबा झोपतो, तेवढ्यात मागे पेरूखाली बसून हे लिहिणं चाललं आहे.

दुपारी, आणि सोमवारी, बाबा घरी कसा, हे तुला वाटलं असेल. वाटू दे. उद्या सांगते. तो उठला.

मंगळवार

चलो. काल जिथे सोडलं तिथून धरते.

दर रविवारी संध्याकाळी तू तिकडून घंटी वाजवतोस, टीव्हीत तुझं नाव येतं, आणि तुम्ही दोघं बाप-लेक अठरा खड्डे खेळता. बोलत नाही. त्याने फोन करायचा नाही, तू बाबा कसे आहेत विचारायचं नाही, पण खेळ सुटला नाही. एकाने मारायचं, दुसऱ्याने थांबायचं. शेवटी तुझा माणूस टोपी काढतो, इकडचा माणूस टोपी काढतो. तू घर सोडल्यापासून एवढीच तुमची बोलाचाली. मी भाजी निवडत बाजूला बसायची आणि मनात म्हणायची, असू दे, टोपी तर टोपी.

तू गेल्यावर तुझ्या बाबाने ते मशीन फेकलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. आधी चोरून खेळायचा, आवाज बंद करून. ज्या नोकरीवरून एवढं झालं, ती नोकरी म्हणजे काय असते ते त्याला पाहायचं होतं. दिवसभर खेळ खेळून त्यातल्या चुका काढायच्या, त्याचा पगार मिळतो, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग एका रविवारी अचानक तुझं नाव आलं. त्याने मला हाक मारली, "आई, अंकुर!" मी दाराकडे धावले. तो टीव्हीकडे बोट दाखवत होता.

आता तुला एक विचारते. गेले बरेच रविवार तुझ्या बाबाचा लांबचा फटका बिघडला आणि जवळचा सुधारला, हे तुला दिसलं नाही का? ज्याला वाळूतून बॉल काढता येत नव्हता तो एका उपसण्यात काढून राहिला, आणि मोकळ्या मैदानात झाडांत मारून राहिला, हे कसं? चुका शोधायची नोकरी करतोस तू. एवढी मोठी चूक समोर खेळत होती.

ती मी होते.

तुझ्या बाबाचा उजवा हात गेला, अंकुर.

श्रावणात. सकाळी ड्यूटीवर जायचं म्हणून शर्ट घालत होता. बटण लावता लावता हात खाली पडला. त्याला वाटलं बटण तुटून पडलं, म्हणून तो खाली वाकून बटण शोधत होता. विनताने विचारलं काय शोधताय, तर त्याच्या तोंडून शब्द नीट निघेना. लकवा. तोंडाची उजवी बाजू, हात, थोडा पाय. दवाखान्यातून घरी आणला तेव्हा पाय ओढत का होईना, चालत आला. बोलणंही बरंच परतलं आहे, सावकाश बोलतो. हात मात्र परतला नाही. रजेवर आहे. विनता तुला फोनवर 'ड्यूटीवर गेले आहेत' सांगते तेव्हा तो समोरच्या पलंगावर बसलेला असतो.

(आई सांगतात तसं लिहिते आहे. माझ्यावर रागाव, पण आधी पूर्ण वाच. — तुझी आई.)

तिच्यावर रागावू नको. मी तिला वर एक ओळ तिची लिहू दिली, आता पुन्हा माझं.

दवाखान्यातून आल्यावरचा पहिला रविवार. तो टीव्हीसमोर जाऊन बसला, यंत्र मांडीवर घेतलं. मी म्हटलं, "आल्हाद, आज राहू दे." ऐकलं नाही. घंटी वाजली, तुझं नाव आलं. त्याने उजवा हात डाव्या हाताने उचलून यंत्रावर ठेवला, अंगठा दांडीवर ठेवला, आणि पाहत राहिला अंगठ्याकडे. अंगठा हलेना. मग डावा हात आडवा घालून पाहिला. यंत्र खाली पडलं. घंटी वाजतच होती. त्या मुलाने — म्हणजे तू — किती वेळ वाजवावी! तुझ्या बाबाच्या कपाळावर घाम आला. मला म्हणाला, "आई, तो बंद करेल. बंद केलं की परत नाही येणार."

मी भाजीची परात बाजूला केली आणि त्याच्या उजवीकडे बसले. "सांग," म्हटलं, "काय ओढायचं."

तेव्हापासून आम्ही दोघं एक यंत्र धरून बसतो. डावा कान त्याच्या डाव्या हातात, उजवा माझ्या उजव्या हातात. त्याचा तो हात मी माझ्या मांडीवर घेते आणि वर माझा डावा हात ठेवते, कारण नुसता लोंबकळला तर दुखतो त्याला. हवा कुठून येते, उतार कुणीकडे, काय लिहिलं आहे, ते तो सांगतो. "आई, अर्धाच ओढ." "आई, डावीकडे उतार आहे, जरा वरून येऊ दे." "अच्छा, आता थांबू दे… आता चढ." आठवडाभर दुपारी आम्ही सराव करायचो, रविवारी तुझ्यासमोर नाचक्की नको म्हणून. पन्नाशी उलटलेल्या माझ्या मुलाला मी पुन्हा मांडीजवळ घेऊन बसले होते आणि तो मला चालायला शिकवत होता, असं काहीतरी ते होतं. मला सांगता येत नाही. विनता, तूच नीट लिही.

तिने काही लिहिलं नाही. राहू दे.

आता तू विचारशील, मला कळवलं काहून नाही.

मलाही आधी वाटलं, ताठा आहे. बापूंचा मुलगा आहे, ताठा असणारच. मी एकदा तोंडावर बोललेसुद्धा, "पोटच्या पोरापुढे कसला रे तुझा ताठा?" तेव्हा त्याने सांगितलं. तू गेलास त्या दिवसाचं.

त्या दिवशी काय झालं ते आपल्या चौघांना ठाऊक आहे, पण आजवर कुणी तोंडातून काढलं नाही. इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागलेली जागा तू सोडलीस आणि खेळ तपासायला पुण्याला निघालास. आल्हादने तुझ्यावर हात उचलला. एवढ्या मोठ्या मुलावर उचलायचा नव्हता, पण उचलला. आणि तू गाल न धरता सरळ उभा राहून म्हणालास, "मारा. हात चालून राहिला तोवर मारून घ्या."

विनता म्हणत होती, हे वाक्य नको लिहायला. मी म्हटलं, लिही. तो डबा विसरतो, सणाला घरी यायचं विसरतो, पण हे तो विसरला नसेल.

तुझा बाबा मला म्हणाला, "आई, त्याला कळलं तर त्याला वाटेल त्याच्या बोलण्याने झालं. तो माझ्यासारखा आहे, कुणाला सांगणार नाही, जन्मभर स्वतःचं तोंड धरून बसेल. माझा एक हात गेला तो गेला. पोराचं तोंड काहून बंद करायचं?"

हा त्याचा ताठा.

आता माझं ऐक, आणि डोक्यात पक्कं ठेव. बोलण्याने हात जात असते तर माझ्या बोलण्याने तुझ्या आजोबांचं काहीच शिल्लक राहिलं नसतं. त्यांना जाळायला फक्त टोपी उरली असती. तुझ्या बाबाचं ब्लडप्रेशर वाढलेलं होतं आणि तो गोळ्या घेत नव्हता. 'मला काही होत नाही' म्हणायचा. गोळ्यांची न उघडलेली पाकिटं विनताला त्याच्या हेल्मेटमध्ये सापडली. डॉक्टरने सांगितलं, ह्याच्यामुळेच. तुझ्या बोलण्याचा संबंध नाही. तू बोललास ते वाईट बोललास, त्याने मारलं ते वाईट केलं, दोन्ही ज्याचं त्याच्याजवळ. पण हात त्यामुळे नाही गेला.

मग मी आत्ताच काहून सांगते आहे? तूच विचारलंस म्हणून.

परवाच्या रविवारी आपण शेवटच्या खड्ड्याला होतो. माझी टुचकी छान पडली होती. तेवढ्यात टीव्हीवर अक्षरं आली. मला अक्षरं म्हणजे नुसती नक्षी. मी थांबले, तो वाचेल म्हणून. तो वाचेना.

"काय आलं रे?"

"काही नाही. मशीनचं आहे."

"मशीनच्या बोलण्याने तुझे डोळे कधीपासून भरतात?"

विनता पिठाचे हात घेऊन दारात आली होती. तिने वाचलं. तू लिहिलं होतंस, "बाबा, तुम्हीच खेळून राहिले ना? सब ठीक?"

इतक्या दिवसांनी तुझा पहिला शब्द. आणि तुझ्या बाबाने काय केलं, डाव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधत, यंत्र गुडघ्याला दाबून, लिहिलं, "हो. सब ठीक."

त्याला फार वेळ लागला. तू तिकडे थांबला होतास. मग तुझी पाळी आली. लोळवण होती, इतकी जवळची की मी डोळे मिटून घातली असती. तू ती चुकवलीस. तेव्हा मला कळलं, की तुला ते 'हो' खरं वाटलेलं नाही.

टोप्या काढून झाल्यावर तुझा बाबा म्हणाला, "बस आई. आता नाही. पुढच्या रविवारपासून नाही बसायचं. मशीन खोक्यात भर." त्याला भीती वाटते आहे. पुन्हा विचारलंस तर दुसऱ्यांदा खोटं लिहिण्याची ताकद त्याच्यात नाही.

म्हणजे ह्या रविवारी तू घंटी वाजवशील आणि इकडे कुणी उचलणार नाही. तुला वाटेल, मी विचारलं म्हणून बाबाने तेवढा धागापण तोडला. तसं नाही, हे तुला रविवारच्या आत कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. विनता आज संध्याकाळीच भाजी आणायच्या निमित्ताने जाऊन स्पीड पोस्ट करेल.

मशीनचं खोकं मी लपवलं आहे. तो शोधून राहिला आहे. मला विचारलं तर म्हणते, मी म्हातारी, मला कुठे आठवतं. विसरण्याचा गुण तू कुणाकडून घेतलास ते आता कळलं असेल.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी त्यालाही सांगितलेली नाही. तू सांगू नको.

त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर असतो म्हटलं ना. वर माझा हात. गेल्या काही रविवारी, मी दांडी मागे ओढते, टेम्पो थांबतो, आणि मी पुढे ढकलायच्या किंचित आधी, माझ्या तळव्याखाली त्याचा अंगठा हलतो. जरासा. मुंगी दचकावी तसा. पहिल्यांदा वाटलं माझाच हात थरथरला. मग विनताला बाजूला बसवून, तिचा हात ठेवून पाहिला. तिलाही लागलं. दुपारच्या सरावात हलत नाही. डॉक्टरने रबरी चेंडू दिला आहे दाबायला, त्याला हलत नाही. तू समोर असतोस तेव्हा हलतो.

त्याला सांगितलं तर तो घाई करेल. त्याच दिवशी बटण लावायला बसेल, जमणार नाही, आणि मग पुन्हा प्रयत्नच करणार नाही. मी त्याला ओळखते. म्हणून बोलत नाही. थांबू देते आहे.

खेळ बंद झाला तर तो अंगठाही बंद होईल, ही माझी भीती आहे. दुसरी कुठलीही भीती मला आता राहिलेली नाही.

तेव्हा पत्र वाचून फोन करू नको. फोन त्याच्याच खोलीत वाजतो, आणि फोनवर तू रडशील, तो 'हॅलो, हॅलो' म्हणेल आणि लाइन खराब आहे म्हणून ठेवून देईल. तुम्हा दोघांना लांबून मारायची सवय. तुझा लांबचा फटका मी पाहिला आहे, टीव्हीच्या बाहेर जातो की काय असं वाटतं. पण झेंडा जवळ आला की तू हात आवरत नाहीस. टुचकी मारायच्या जागी सपकन मारतोस आणि बॉल पलीकडे जातो. दर रविवारी पाहते. जवळ आल्यावर जोर नसतो लावायचा, बाळा. जवळ आल्यावर फक्त थांबून चढायचं असतं.

रविवारी कुणीतरी त्याच्या उजवीकडे बसायला हवं. माझा अंगठा संध्याकाळपर्यंत सुजतो. मी काही म्हणत नाही, फक्त सांगून ठेवते.

बाकी ठीक. हे खरं ठीक, सुरुवातीचं नव्हे.

खाली माझा अंगठा आहे. सरकारी कागदावर मी डावा देते. तुझ्या कागदावर उजवा दिला आहे, ज्याने तुझ्याशी खेळले तो.

तुझी,
बाबाच्या नावाने टोपी काढणारी,
आजी

ता. क. डब्याचं राहिलं. दिवाळीला तू बाकरवडी पाठवलीस. तुझ्या बाबाला एका बाजूने चावता येत नाही, तरी त्याने एक तुकडा तोंडात धरून ठेवला, विरघळेपर्यंत, आणि बाकीची वाटून टाकू दिली नाही, अजून कपाटात आहे. तेव्हा बाकरवडी नको. नाचणीचं सत्त्व पाठव, इकडे चांगलं मिळत नाही. दुधात शिजवून मऊ होतं, त्याला डाव्या हाताने चमच्याने खाता येतं. बापूंच्या डब्यातच भर, आपल्या घरात डबा रिकामा परत करत नाहीत. फक्त कुरिअरवाल्याच्या हातात देऊ नको. त्याचं झाकण सैल आहे. पुण्याहून इथपर्यंत कुणीतरी तो मांडीवर धरूनच बसावं लागतं.